आडात आहे, पोहऱ्यात येत नाही

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मान्यता दिली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० सरकारी संस्था आणि जवळजवळ १.८ कोटी विद्यार्थी, अध्यापक व संशोधक, असा तिचा व्याप आहे. आडगावच्या सरकारी महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही आयआयटीतल्या विद्यार्थ्याइतकेच वाचायला मिळावे, हा हेतू निर्विवाद चांगला आहे. या योजनेवर झालेली टीका बहुतेक किमतीविषयी होती: प्रकाशकांना एवढे का द्यायचे, मुक्त प्रकाशनाकडे का वळायचे नाही. ती टीका रास्त आहे. पण तिच्याही आधीचा एक प्रश्न कोणी विचारला नाही. वाचण्याचा हक्क देशाने विकत घेतला, शोधण्याचे काय?

वाचण्याआधी सापडावे लागते. आणि देशाने स्वतः निर्माण केलेले विज्ञान, म्हणजे विद्यापीठांतील प्रबंध, संशोधन संस्थांचे अहवाल, कृषी विद्यापीठांच्या प्रयोगांच्या नोंदी, हे सारे सापडण्याची व्यवस्था आजही रामभरोसे आहे. ती व्यवस्था उभी करायला ६,००० कोटी लागत नाहीत. तिचे मुख्य साधन फुकट आहे, त्याचा मूळ कोड कोणालाही वाचता येतो, आणि साध्या लिनक्स सर्व्हरवर ते एका दुपारी बसवता येते. तरीही ते बसत नाही, किंवा बसवून वाऱ्यावर सोडले जाते. हे दारिद्र्य पैशाचे नसून दृष्टीचे आहे.

‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ अशी जुनी म्हण आहे. भारतीय संशोधनाच्या बाबतीत ती उलटी झाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएच.डी.च्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे आवश्यक केले. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने ‘शोधगंगा’ हे भांडार उभारले. आज त्यात पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. १९ जून २०१८ रोजी खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय देशाला अर्पण झाले. शिवाय विद्यापीठांची आणि संस्थांची स्वतःची लहानमोठी भांडारे आहेतच. आडात पाणी भरपूर आहे. दोर तोकडा आहे.

हा दोर म्हणजे शोधयंत्र. त्याची मूळ कल्पना कोणत्याही चांगल्या ग्रंथाच्या शेवटी दिसते. ग्रंथात पानावर शब्द असतात. शेवटच्या सूचीत शब्दापुढे पाने असतात. शोधयंत्र सगळ्या दस्तऐवजांची अशी ‘उलटी सूची’ आधीच तयार करून ठेवते. प्रश्न आला की ते दस्तऐवज वाचत बसत नाही, सूची पाहते. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रीय ज्ञानकोश सिद्ध करताना एक संपूर्ण खंड सूचीसाठी दिला. ज्ञान गोळा करणे आणि ते सापडेल असे करणे ही एकाच कामाची दोन अंगे आहेत, हे त्या संपादकाला कळले होते. संगणकयुगातील भांडारांना ते अजून कळायचे आहे.

या सूचीचे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर नवे नाही. डग कटिंग यांनी १९९९ मध्ये ‘ल्यूसीन’ ही आज्ञावली लिहिली; २००१ मध्ये ती अपाचे प्रतिष्ठानाकडे आली. तिच्यावर बेतलेले ‘सोलर’ २००४ मध्ये योनिक सीली यांनी सीनेट कंपनीत लिहिले आणि २००६ मध्ये तेही अपाचेला देण्यात आले. शाय बॅनन यांचे ‘इलॅस्टिकसर्च’ २०१० मध्ये आले. जगभरच्या असंख्य संस्थांचे प्रबंध आणि लेख ज्या ‘डीस्पेस’ सॉफ्टवेअरमध्ये ठेवलेले आहेत, त्याच्या पोटात शोधाचे काम सोलरच करते. डीस्पेसच्या सातव्या आवृत्तीपासून तर सोलर वेगळे बसवावे लागते. ज्या संस्थेने डीस्पेस चालवले, तिच्या दाराशी हे यंत्र येऊन उभेच आहे.

ते बसवणे कितपत अवघड आहे? लिनक्स असलेल्या सर्व्हरवर जावा बसवायची. अपाचेच्या संकेतस्थळावरून सोलरची फाइल उतरवायची, तिची स्वाक्षरी पडताळायची. फाइलसोबत आलेली स्थापनेची आज्ञावली चालवायची. ती ‘सोलर’ नावाचा वेगळा वापरकर्ता निर्माण करते, कार्यक्रम एका ठिकाणी आणि सूचीचा साठा दुसऱ्या ठिकाणी ठेवते, म्हणजे पुढची आवृत्ती आली की साठ्याला धक्का न लावता कार्यक्रम बदलता येतो. सर्व्हर बंद पडून सुरू झाला की सोलर आपोआप सुरू होते. ८९८३ या पोर्टवर त्याचे नियंत्रण-पान दिसते, तेही नवव्या आवृत्तीपासून मुळात त्याच यंत्रापुरते. बाहेरच्या जगाला ते जाणीवपूर्वक उघडावे लागते. एकाच वेळी किती फाइली उघडता येतील याची लिनक्सची मर्यादा वाढवावी लागते. ती कमी असेल तर सोलर स्वतःच इशारा देते. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे यंत्राची सगळी स्मृती जावाला देऊन टाकणे. सूचीच्या फाइली वेगाने वाचल्या जातात त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशमुळे, म्हणून स्मृतीचा मोठा वाटा मोकळा ठेवायचा असतो. एवढे कळले की एम.एस्सी.चा विद्यार्थी हे काम दुपारच्या चहापर्यंत संपवतो.

यंत्र केवढे लागेल, याचा हिशेबही कागदाच्या पाठीवर मांडता येतो. पाच लाख प्रबंध, प्रत्येकी २५० पाने, पानाला ३०० शब्द धरले तर ३,७५० कोटी शब्द होतात. शब्दाला सरासरी सहा बाइट धरले तर नुसता मजकूर सुमारे २२५ गिगाबाइट भरतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते, म्हणून भारतीय भाषांतील प्रबंधांसाठी आकडा दुप्पट-तिप्पट करावा. तरीही देशातील सगळ्या प्रबंधांचा मजकूर बाजारात सहज मिळणाऱ्या एका हार्ड डिस्कवर मावतो. पाच हजार प्रबंध असलेल्या एखाद्या विद्यापीठाचा मजकूर तर दोन-सव्वादोन गिगाबाइट. विद्यार्थ्याच्या लॅपटॉपच्या स्मृतीतसुद्धा तो बसेल. ज्या देशाने २६ सप्टेंबर २०२४ रोजी पुण्याच्या जीएमआरटीसह तीन ठिकाणी ‘परम रुद्र’ महासंगणक राष्ट्राला अर्पण केले, त्या देशाला हे पेलणार नाही असे म्हणणे हास्यास्पद आहे.

मग अडते कुठे? ‘सोलर बसवले’ असा अहवाल लिहून काम संपले असे मानण्यात अडते. स्थापना म्हणजे विहिरीवर रहाट बसवणे. पाणी काढायला माणूस आणि दोर वेगळा लागतो. सूचीत कोणते रकाने असावेत, पीडीएफमधून मजकूर नीट निघतो का, शब्द कसे तोडायचे, कोणती रूपे एक मानायची, हे कोणतेही सॉफ्टवेअर आपणहून ठरवत नाही. आणि भारतीय भाषांच्या दारात येताच हे प्रश्न अक्राळविक्राळ होतात.

एक शीर्षक कल्पनेने घ्यावे: ‘कापसावरील गुलाबी बोंडअळीचे व्यवस्थापन’. यवतमाळचा विद्यार्थी शोधपेटीत ‘कापूस’ लिहितो. शोधयंत्राला ‘कापूस’ आणि ‘कापसावरील’ हे दोन परके शब्द वाटतात. त्यांच्यात समान काय, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. हिंदीत ‘कपास पर’ असे शब्दयोगी अव्यय सुटे लिहितात, त्यामुळे मूळ शब्द शाबूत राहतो. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला चिकटतात, आणि चिकटण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते. ‘विहीर’ची ‘विहिरीतील’ होताना ‘ही’चा ऱ्हस्व ‘हि’ होतो, ‘पाणी’चे ‘पाण्यावरून’ होते, ‘ऊर्जा’ची ‘ऊर्जेचे’ होते. शाळेतील व्याकरणाच्या तासाला कंटाळवाणे वाटणारे हे नियम शोधयंत्रापुढे जीवनमरणाचे ठरतात. ते यंत्राला शिकवले नाहीत, तर शून्य निकाल येतात आणि विद्यार्थी समजतो की या विषयावर कोणी काम केलेलेच नाही. मग तो तेच काम पुन्हा करतो. त्याची तीन वर्षे आणि करदात्याचा पैसा, दोन्ही मातीत जातात.

ल्यूसीनमध्ये हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगू आणि नेपाळी यांच्यासाठी भाषाविश्लेषक आहेत. मराठीसाठी नाही. मग ‘देवनागरीच आहे ना’ असे म्हणून मराठी मजकुरावर हिंदीचा विश्लेषक लावण्याचा मोह होतो. त्याचे परिणाम पाहण्यासारखे आहेत. हिंदी लेखनातील विविधता सामावून घेण्यासाठी तो विश्लेषक ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पुसतो, म्हणजे ‘दिन’ आणि ‘दीन’ एक होतात. तो ‘ॅ’चा ‘े’ करतो, म्हणजे ‘बॅट’ शोधणाऱ्याला ‘बेट’ मिळते. तो शब्दाच्या शेवटचा ‘ना’ हा क्रियापदाचा प्रत्यय समजून कापतो, म्हणजे ‘वेदना’चा ‘वेद’ होतो आणि वेदनाशमनावरील वैद्यकीय प्रबंध ऋचांच्या पंक्तीला जाऊन बसतात. यात हिंदी विश्लेषकाचा दोष काहीच नाही. तो भारतीय संशोधकांच्या प्रसिद्ध कामावरच उभा आहे आणि त्याच्या भाषेपुरता उपयोगी आहे. एका भाषेचे जोडे दुसऱ्या भाषेच्या पायात कोंबणारा दोषी आहे.

आणखी सूक्ष्म अडचण या लिखाणाच्या शीर्षकातच आहे. ‘पोहऱ्यात’ या शब्दातील ‘ऱ्या’ संगणकात दोन प्रकारे साठवला जातो. एका पद्धतीत नुक्ता असलेला स्वतंत्र ‘ऱ’ असतो. दुसऱ्या पद्धतीत साध्या पाय मोडक्या ‘र’नंतर एक अदृश्य जोडचिन्ह येते. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, यंत्रासाठी मात्र ते वेगळे शब्द असतात. एका कळफलकावर लिहिलेला ‘दुसऱ्या’ दुसऱ्या कळफलकावरून शोधला तर सापडत नाही. हा भेद मिटवायला एक छोटा नियम पुरतो. पण तो लिहिणारा माणूस मराठी जाणणारा आणि यंत्र जाणणारा, असा दोन्ही हवा. युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेल्या प्रबंधांची गत याहून वाईट. त्यांतून मजकूर काढला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा हाती येतो. त्यांच्यासाठी फॉन्टनिहाय रूपांतर करावे लागते, नाहीतर पानाचे चित्र घेऊन ‘टेसरॅक्ट’सारख्या मुक्त अक्षरओळख सॉफ्टवेअरकडे द्यावे लागते. त्यात मराठीची सोय आहे. हे सगळे करता येण्याजोगे आहे. ते कोणाच्या कामाच्या यादीत नाही, एवढेच.

या मुद्द्यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: गूगल स्कॉलर असताना हा खटाटोप कशाला? २००४ मध्ये सुरू झालेल्या त्या सेवेने जगाच्या संशोधकांवर उपकार केले आहेत यात शंका नाही, आणि तिचे एक जनक अनुराग आचार्य हे खरगपूर आयआयटीचे विद्यार्थी आहेत याचा अभिमानही योग्यच. पण प्रयोगशाळेत ज्या मापनयंत्राचे अंशांकन ठाऊक नाही, त्याच्या वाचनावर कोणी शोधनिबंध लिहीत नाही. निकालांचा क्रम हेही एक मापनच असते: कोणता निबंध पहिला दिसेल, कोणता दहाव्या पानावर पुरला जाईल. स्कॉलरमध्ये हा क्रम कसा ठरतो याचे पूर्ण सूत्र बाहेर कोणाला माहीत नाही. तिला स्वतःच्या कार्यक्रमातून प्रश्न विचारण्याची अधिकृत सोय नाही. म्हणजे तिच्यावर आधारलेला संदर्भशोध दुसऱ्याने जसाच्या तसा पुन्हा करून पाहण्याची खात्री नाही. ज्या विज्ञानाचा पाया पुनःपडताळणीचा आहे, त्याच्या पहिल्याच पायरीवर पडताळणी अशक्य व्हावी, हे कोणालाच खटकत नाही काय?

मुक्त शोधयंत्रात हे सूत्र उघडे असते. कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये दाखवले की जो शब्द कमी दस्तऐवजांत येतो, त्याला अधिक वजन द्यावे. त्या कल्पनेवर स्टीफन रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये १९९० च्या दशकात ‘बीएम२५’ हे गुणांकनाचे सूत्र बसवले. शब्द दस्तऐवजात किती वेळा आला, तो एकूण संग्रहात किती दुर्मीळ आहे आणि दस्तऐवज किती लांब आहे, या तीन गोष्टींवर ते चालते. ल्यूसीनमध्ये २०१६ पासून तेच मूळ सूत्र आहे. सोलरला विचारले तर प्रत्येक निकालाला किती गुण मिळाले आणि ते कोणत्या पदामुळे, याचा सविस्तर हिशेब ते देते. ते गुणांक बदलता येतात, बदलाची नोंद ठेवता येते, निबंधात छापता येते. यालाच वैज्ञानिक साधन म्हणतात.

परक्या दारावर विसंबण्याचा दुसरा धोका दार बंद होण्याचा. ११ ऑगस्ट २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने बिंग शोधाची प्रोग्रामरांसाठीची सेवा बंद केली, तीही मे महिन्यात घोषणा करून, म्हणजे जेमतेम तीन महिन्यांच्या मुदतीवर. कंपनीला तो अधिकार होताच. दोष दुसऱ्याच्या ओसरीवर आपला संसार मांडणाऱ्याचा.

दुसरा आक्षेप नवा आहे आणि अधिक मोहक आहे: आता संभाषण करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आली, शोधयंत्राचा जमाना संपला. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. अशी यंत्रे पुराव्याशिवाय बोलू लागली की अस्तित्वात नसलेले संदर्भही छातीठोकपणे देतात. त्यांना ताळ्यावर आणण्याचा रूढ उपाय म्हणजे आधी खरे दस्तऐवज शोधून त्यांच्यापुढे ठेवणे आणि त्यांतूनच उत्तर द्यायला लावणे. तो ‘आधी शोध’ कोण करणार? शोधयंत्रच. डिसेंबर २०२१ च्या ल्यूसीनच्या नवव्या आवृत्तीपासून शब्दांऐवजी अर्थाच्या सदिशांवर शोध घेण्याची सोयही त्याच मुक्त साधनात आली आहे. ज्यांच्याकडे स्वतःच्या प्रबंधांची नीट सूची नाही, त्यांच्या भाषांना आणि विषयांना ही नवी यंत्रेही ओळखणार नाहीत. पाया न घालता माडी चढवण्याची ही घाई कोणाच्या अंगलट येणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

तिसरा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे: सुरक्षेचे काय, आणि सांभाळणार कोण? जानेवारी २०१७ मध्ये इंटरनेटवर उघडे पडलेले हजारो इलॅस्टिकसर्च सर्व्हर खंडणीखोरांनी पुसून टाकले. त्यांच्या मालकांनी पासवर्डच ठेवला नव्हता. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉग४जे’ या जावाच्या नोंदवही ठेवणाऱ्या घटकात भयंकर भगदाड निघाले आणि सोलर चालवणाऱ्यांनाही रातोरात दुरुस्ती करावी लागली. ‘मुक्त स्रोत’ या शब्दावरही डोळे मिटून विसंबता येत नाही. जानेवारी २०२१ मध्ये इलॅस्टिकसर्चने आपला मुक्त परवाना सोडला, तेव्हा ॲमेझॉनने जुन्या कोडची ‘ओपनसर्च’ ही वेगळी शाखा काढली. २०२४ मध्ये इलॅस्टिकसर्चने पुन्हा एजीपीएल हा मुक्त परवाना जोडला. परवाना वाचणे, दुरुस्त्या लावणे, पोर्ट बंद ठेवणे, सूचीची प्रत दुसऱ्या यंत्रावर राखणे, हे सारे रोजचे काम आहे. त्याला माणूस लागतो. पण प्रयोगशाळेतील द्रव हीलियमलाही माणूस लागतो, म्हणून नीच तापमानाचे भौतिकशास्त्र कोणी बंद केलेले नाही. माणूस लागतो हे माणूस नेमण्याचे कारण आहे, काम टाळण्याचे नव्हे.

आणि हे होऊ शकते याचा पुरावा भौतिकशास्त्रातच आहे. अमेरिकेतला पहिला वेब सर्व्हर डिसेंबर १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातील स्लॅक या कणत्वरक प्रयोगशाळेत सुरू झाला. तो जाहिरातीसाठी किंवा व्यापारासाठी नव्हता. उच्च ऊर्जा भौतिकीतील निबंध शोधण्याच्या ‘स्पायर्स’ या भांडारासाठी होता. त्याचा वारसा आज ‘इन्स्पायर’ चालवते, आणि तिच्या तळाशी मुक्त शोधयंत्र आहे. नासाच्या पैशावर चालणारी खगोलशास्त्रज्ञांची निबंधसूची ‘एडीएस’ सोलरवर चालते. पॉल जिन्सपार्ग यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या ‘अर्काइव्ह’चा शोध इलॅस्टिकसर्चवर बांधलेला आहे. खोडदच्या दुर्बिणीवर काम करणारा विद्यार्थी एडीएसशिवाय एक दिवस काढू शकत नाही. आपली सूची आपण बांधायची, हे या समुदायांनी तीन दशकांपूर्वी ठरवले. बोंडअळीवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला तेवढेच चांगले साधन का मिळू नये? त्याचा प्रश्न कमी वैज्ञानिक आहे, की त्याचा शेतकरी कमी महत्त्वाचा?

आता पैशाचा हिशेब. ६,००० कोटी तीन वर्षांत, म्हणजे वर्षाला २,००० कोटी. ६,३०० संस्थांनी भागले तर संस्थेमागे वर्षाला सरासरी सुमारे ३२ लाख रुपये. यातला फक्त एक टक्का शोधासाठी मागावा. वर्षाला २० कोटी. निम्मे यंत्रांसाठी ठेवले, तरी उरलेल्या १० कोटींत वर्षाला १० लाख वेतनाची शंभर माणसे नेमता येतात. शंभर शोध-अभियंते, देशाच्या प्रमुख भाषांत वाटलेले. आज या कामासाठी एवढी माणसे सलग तीन वर्षे बसली, तर भारतीय भाषांतील वैज्ञानिक शोधाचे चित्र पालटेल. दुसऱ्यांच्या ज्ञानाच्या वाचनासाठी शंभर रुपये देणाऱ्या देशाने स्वतःच्या ज्ञानाच्या शोधासाठी एक रुपया वेगळा काढणे, ही मागणी अवाजवी आहे काय?

मागण्या स्पष्ट असाव्यात. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रत्येक भांडाराने आपल्या नोंदी यंत्राला वाचता येतील अशा खुल्या स्वरूपात द्याव्यात. त्यासाठीचा ‘ओएआय-पीएमएच’ हा संकेत २००१ पासून उपलब्ध आहे आणि डीस्पेसमध्ये तो तयारच असतो. निविदेत ‘शोधसुविधा असावी’ एवढे लिहून भागू नये. ‘विहिरीतील’ असलेला दस्तऐवज ‘विहीर’ लिहिल्यावर सापडला पाहिजे, अशी चाचणी लिहावी, आणि तिच्यात जो नापास होईल त्याचे देयक थांबवावे. भाषाविश्लेषक लिहून तो मुक्त प्रकल्पात स्वीकारला गेला, तर एम.टेक.च्या प्रकल्पात आणि पदोन्नतीच्या गुणांत त्याला शोधनिबंधाइतके मोल मिळावे. आणि शोध चांगला झाला की वाईट हे मोजले जावे. त्याची रीत भारतात आहेच: ‘फायर’ हा मंच २००८ पासून भारतीय भाषांतील माहिती-शोधाचे मूल्यमापन करतो, आणि आरंभीच्या वर्षांपासून त्यात हिंदी, बंगालीबरोबर मराठी बातम्यांचेही संच आहेत. बातम्यांच्या जागी प्रबंध ठेवायचे एवढेच बाकी आहे.

विद्यार्थ्यांनी मात्र शासननिर्णयाची वाट पाहू नये. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स चढवावे, सोलर बसवावे, आपल्या विभागाचे मोकळेपणाने उपलब्ध असलेले शंभर प्रबंध त्यात घालावेत आणि आपल्या भाषेत वीस प्रश्न विचारून पाहावेत. किती सापडले, किती निसटले, ते वहीत लिहावे. निसटलेल्या प्रत्येक प्रश्नामागे एखादा व्याकरणाचा नियम, एखादा फॉन्ट किंवा एखादे अदृश्य जोडचिन्ह दडलेले असेल. ते दुरुस्त करून जगाला परत द्यावे. मराठीचा विश्लेषक ल्यूसीनमध्ये नाही, ही उणीव कोणत्याही परदेशी कंपनीने निर्माण केलेली नाही, आणि ती भरून काढायला कोणाची परवानगीही लागत नाही. दोर वळणारे हात तेवढे हवेत.